गोव्याला, बुलेटवरून, एकटीच!

“एकटीच?”

मैत्रिणींनो, २०२४ च्या नोव्हेंबरात हा एक शब्द मी किती वेळा ऐकला, त्याची मोजदाद नाही. सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, शाळेत सरांनी विचारला, पेट्रोल भरणाऱ्या पोरानं विचारला. कोल्हापूरच्या मावसबहिणीनं तर दार उघडता उघडताच विचारला. आणि खरं सांगायचं तर, निघायच्या आदल्या रात्री दशम्या बांधताना मी स्वतःलाही तोच विचारला.

गोष्ट तशी साधी. धाराशिवहून बुलेट चालवत गोव्यातल्या वागातोरला जायचं, तिथे भरणारा मोटारसायकलींचा मेळा बघायचा आणि परत यायचं. जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर. पुरुषमाणूस निघाला की पिशवी भरून दिली जाते आणि विषय संपतो. बाई निघाली की घरात बैठक बसते.

गाडी माझ्या हाती कशी आली

आमच्या ह्यांना बुलेटचं वेड. २०१६ साली कर्ज काढून क्लासिक ३५० घेतली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार, आठवड्याला आंघोळ. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायची आणि तुळजापूरला जाऊन यायची. माझा आणि गाडीचा संबंध एवढाच.

२०२२ च्या पावसाळ्यात गावाकडून रात्री येताना ह्यांना कुत्रं आडवं आलं. गुडघ्यात प्लेट बसली. डॉक्टरांनी सांगितलं, जड गाडी आता नको. बुलेट अंगणात ताडपत्रीखाली गेली. सासूबाई तिच्याकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायच्या. विकायला काढली, तर गिऱ्हाईक भाव पाडून मागे.

मी बी.ए. झालेली. गावापासून अठरा किलोमीटरवरच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तिकडे जाणारी एस.टी. एक तर फार लवकर, नाही तर फार उशिरा. एक दिवस बस चुकून मी घामाघूम परत आले आणि ताडपत्रीकडे बघून म्हटलं, “अहो, मला शिकवा की ही!”

ह्यांनी थट्टा केली नाही, हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर खुर्ची टाकून, काठी टेकून बसले आणि तिथूनच ओरडून ओरडून शिकवू लागले. “क्लच हळू सोड! दूध उतू जाताना गॅस कसा बारीक करतेस, तसा हळू!” ही भाषा मला लगेच कळली.

बुलेट म्हणजे पुरुषांची गाडी, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. त्याला कारणही आहे. आपल्या देशात १९४९ च्या सुमारास ही गाडी आली, पुढे लष्करानं आणि पोलिसांनी वापरली, १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना निघाला. जुन्या बुलेटला किक मारणं म्हणजे कसरत. किक उलटली तर नडगी फुटायची. आताच्या गाड्यांना बटण असतं. बटण दाबलं की झालं. उरतं ते वजन. माझी गाडी दोनशे किलोंना थोडी कमी. स्वयंपाकाच्या गॅसची भरलेली टाकी साधारण तीस किलोंची, म्हणजे जवळजवळ साडेसहा टाक्या! पण या टाक्या उचलायच्या नसतात, नुसत्या तोलायच्या असतात. गाडी चालू लागली की वजन जाणवत नाही, थांबताना जाणवतं. पाय कुठे टेकणार, हे थांबायच्या आधी बघून ठेवलं की निम्मी भीती जाते.

गिअरच्या गाडीचा परवाना काढला आणि शाळेला बुलेटवरून जाऊ लागले. पहिला महिनाभर पोरं फाटकावर जमायची. मग तीही कंटाळली.

मेळा आणि निवडणूक

वागातोरचा हा मेळा रॉयल एनफील्ड कंपनी भरवते. आधी त्याला रायडर मॅनिया म्हणत, २०२३ पासून मोटोवर्स म्हणतात. देशभरातून गाड्यांचे शौकीन नोव्हेंबरात तिथे जमतात. ह्यांच्या तीन मित्रांनी उन्हाळ्यापासून बेत चालवला होता. “वहिनी, तुम्ही आता चालवताच. आमच्या मागोमाग या,” असं म्हणाले. मी हो म्हटलं. पास काढला. तोही स्वस्त नव्हता.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला, मतमोजणी २३ ला आणि मेळा नेमका २२ ते २४. तिघेही मित्र कोणत्या ना कोणत्या उमेदवाराच्या मागे. मतमोजणी सोडून ते कुठले येतात! एकेक करत तिघेही गळाले.

मला वाटलं, संपलं. जेवताना मी पाण्याचा तांब्या ठेवत सहज म्हटलं, “पास वाया गेला.” हे म्हणाले, “का? तू जा.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “एकटीच?” त्या म्हणाल्या, “त्या गाडीनं माझ्या लेकाचा पाय घेतला. आता तूही जा.” आणि ताटावरून उठल्या.

मला राग आला नाही. माझ्या मुलाचा पाय असता, तर मीही उठले असते. पुढे दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच विषय काढला. “आई, पाय गाडीनं नाही घेतला, अंधारानं घेतला. ही अंधारात चालवणार नाही. दिवस मावळायच्या आत जिथे असेल तिथे थांबेल.”

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. मी तो होकार धरला आणि अट पक्की झाली: अंधारात गाडी चालवायची नाही.

सांगोल्याच्या अलीकडे

२१ तारखेला, गुरुवारी, फटफटल्यावर निघाले. बोटाला आदल्या दिवशीच्या मतदानाची शाई. धाकटी झोपलेली, मोठा दारात उभा. तुळजापूरला खालूनच देवीला हात जोडले. सोलापूर मागे टाकलं. भीमा ओलांडून मंगळवेढ्याकडे लागले तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी हिरवीगार झाली होती. सोलापूर-कोल्हापूर रस्ता आता रुंद आणि चांगला. साठ-पासष्टच्या वेगानं गाडी एका सुरात चालली होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सलग दोन तास मला कोणी हाक मारली नव्हती. हे सुख आहे की चुकल्यासारखं वाटतंय, तेच कळेना!

सांगोल्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबले. शेजारी ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, एक शेळी आणि माणसं. ऊसतोडीची टोळी होती. मतदान उरकून निघालेली. एक बाई, माझ्याच वयाची असेल, सावलीला बसून लेकराला भाकरी चारत होती. मी दशम्यांचा डबा उघडला, थोडं तिला दिलं, तिनं मला ठेचा दिला.

“कुन्या गावची?”

“धाराशिवची.”

“आमी भूमकडल्या. ही गाडी तूच चालवतीस?”

“हो.”

“कुटं निघालीस?”

“गोव्याला.”

“कामाला?”

“नाही हो. तिथे गाड्यांचा मेळा भरतो, तो बघायला.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. लेकराचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, “बारा वर्सं झाली, दर साली ह्याच रस्त्यानं जातो आमी. सांगलीच्या फुडं काय हाय, ते काय बघितलं न्हाय.”

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, हेवाही नव्हता. जे आहे ते तिनं सांगितलं. ट्रॅक्टर सुरू झाला, ती चढली आणि गेली.

कोल्हापूरपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आपल्या भागातून दरवर्षी हजारो बाया घर बंद करून, तान्ही लेकरं घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल घेतलेली असते, ती फेडीपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात बाई फडात उतरते. तिला कोणी म्हणत नाही, ‘बाई, रस्ता चांगला नाही, अंधार आहे.’ मोलमजुरीला, बाळंतपणाला, आजाऱ्याच्या उशाशी बसायला बाईनं कितीही लांब जावं, रस्ता तिला मोकळाच असतो. ती नुसतं बघायला निघाली की मात्र तोच रस्ता धोक्याचा होतो. मैत्रिणींनो, माझ्या गाडीत पेट्रोल होतं, पाठीशी घर होतं, हातात पगाराचे चार पैसे होते. तरी मी महिनाभर परवानगीची वाट बघत बसले होते. त्या बाईपुढे मला त्याचीच थोडी लाज वाटली.

घाटात पडले ते

रात्र कोल्हापूरला मावसबहिणीकडे काढली. शुक्रवारी सकाळी कागल, निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीला पोचले. आपल्याकडच्या माळरानातून आलेल्या माणसाला ती हिरवाई बघून जीव थंडावल्यासारखं होतं. एका उतारावर फोटो काढायला म्हणून गाडी बाजूच्या स्टँडवर लावली. मऊ मातीत स्टँड रुतला आणि बघता बघता गाडी आडवी झाली.

आजूबाजूला कोणी नाही. पाय लटपटायला लागले. पहिल्यांदा पुढून धरून, ओढून बघितलं, गाडी तसूभरही हलेना. मग ह्यांनी मैदानावर शिकवलं होतं ते आठवलं. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सीटमागची दांडी धरायची. कमरेनं नाही, मांड्यांनी जोर लावायचा आणि पावलं मागे टाकत टाकत उठायचं. दळणाचा डबा आपण असाच उचलतो की! दुसऱ्या झटक्यात गाडी उभी राहिली. पायाजवळचा लोखंडी गार्ड जरासा वाकला होता, बाकी काही नाही. दहा मिनिटं दगडावर बसून राहिले. घरी फोन केला, “आंबोलीत आहे, छान आहे,” म्हणाले. पडल्याचं सांगितलं नाही.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरले. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि दुपारी म्हापसा. शुक्रवार म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. चोरिसांच्या माळा, मडकी, केळी, फुलं आणि माणसांची ही गर्दी! खोली आधीच ठरवली होती, घरगुती. मालकीणबाईंनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं. काय विचारलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मेळ्यात काय बघितलं

वागातोर तिथून जवळच. टेकडीवर मैदान, खाली समुद्र. जिकडे बघावं तिकडे गाड्या: जुन्या, नव्या, टाकीवर चित्रं काढलेल्या, ओळखू येणार नाहीत इतक्या बदललेल्या. कुठे मातीतल्या शर्यती, कुठे गाणं-बजावणं. शनिवारी कंपनीनं गोअन क्लासिक ३५० नावाची नवी गाडी बाजारात आणली, तिच्याभोवती लग्नातल्या नवरीसारखी गर्दी. बायका होत्या, पण कमीच. स्त्रियांच्या स्वच्छतागृहापुढे रांग नव्हती, एवढ्यावरून समजा!

पण ज्या भेटल्या त्या मोकळेपणानं भेटल्या. पुण्याची एक बँकेत नोकरी करणारी, बंगळूरची एक परिचारिका, एक तर आजी झालेली. त्यांच्याकडून कळलं की पुण्यात २०११ पासून ‘बायकर्नी’ नावाची फक्त स्त्रियांची मोटारसायकल संघटना आहे. उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ती काढली. आपल्या महाराष्ट्रातल्याच रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगाच्या सफरीला निघाल्या. माझे हजार किलोमीटर म्हणजे त्यापुढे अंगणातली फेरी. अमेरिकेत १९१६ मध्ये व्हॅन ब्यूरेन नावाच्या दोघी बहिणी मोटारसायकलींवरून आख्खा देश ओलांडून गेल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांना अडवलं होतं. का, तर पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून! वाचून हसू येतं, पण शाळेत मी पहिल्यांदा सलवारवर जाड जाकीट घालून गेले तेव्हाच्या नजरा आठवल्या.

एक गंमत सांगते. बुलेटवाल्यांत ‘स्लो रेस’ नावाची शर्यत असते. जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला, पण पाय टेकला की बाद. गाड्या लावायच्या जागेवर आम्ही सात-आठ जणींनी आपापसात ती लावली. माझा दुसरा नंबर आला! आठवडी बाजाराच्या गर्दीतून, भाजीवाल्यांच्या पाट्या आणि गुरांची शेपटं चुकवत गाडी काढणाऱ्या बाईला हळू चालवायला शिकवावं लागत नाही.

रात्रीचं गाणं काही ऐकलं नाही. दोन्ही दिवस ऊन कलायच्या आत म्हापशाला परतले. अट म्हणजे अट.

जायचं मनात असेल तर

लांब नाही, शेजारच्या तालुक्याला जायचं असलं तरी हे लक्षात ठेवा.

परवाना: स्कूटीसाठी काढलेला विनागिअरचा परवाना मोटारसायकलला चालत नाही. वेगळा काढावा लागतो.

विमा: गाडीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरताच. गाडी यजमानांची असेल तर त्यात आपण येत नाही. आपल्या नावानं वेगळा काढावा. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सुरक्षा विमा मिळतो, निदान तो तरी घ्याच.

कपडे: ओढणी, पदर, सैल पायजमा चाकात जातो. जाड पँट, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट हवं. केस घट्ट वेणीत घालून आत खोचावेत.

गाडी: निघण्याआधी हवा, ब्रेक, तेल बघून घ्यावं. साखळीला दर ५०० किलोमीटरला तेल द्यावं. तारांच्या चाकात ट्यूब असते, तेव्हा एक जास्तीची ट्यूब बरोबर ठेवावी म्हणजे कुठलाही पंक्चरवाला काम करून देतो. घाट उतरताना इंजिन बंद करू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावं.

रस्ता: नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. संध्याकाळनंतर थांबावं.

घर: रोज ठरल्या वेळी एक फोन करावा. संकटात ११२ हा आकडा लक्षात ठेवावा. आणि चार दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायच्या फंदात पडू नये. मी पडले होते. आल्यावर बघते तर निम्मं तसंच! बापलेकांनी रोज खिचडी आणि ऑम्लेट करून खाल्लं होतं.

खर्चाचं म्हणाल तर पेट्रोलला तीन हजारांच्या आसपास लागले. खोली, पास, जेवण वेगळं. शिवाय सोमवारच्या तासांचे पैसे बुडाले, कारण तासिकेवर रजा नसते. दिवाळीला मी साडी घेतली नव्हती, ते पैसे इथे आले.

परत

रविवारी निघून कोल्हापूरला मुक्काम केला आणि सोमवारी दुपारी चार वाजता गल्लीत शिरले. ऊन होतं अजून. मुलं धावत आली. काजूगर, खाजं यांची वाटणी झाली. हे गाडीभोवती एक फेरी मारून, टाकीवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ तसेच. काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही.

सासूबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. “आलीस?” एवढंच म्हणाल्या आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या अंगणात. तुळशीला पाणी घालून झालं होतं आणि उरलेल्या पाण्यानं, ओल्या फडक्यानं त्या गाडीचा गार्ड पुसत होत्या. वाकलेल्या जागेवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कुठं पडलीस?”

मला खोटं बोलवेना. “आंबोलीला. उभी गाडी पडली, आई. मला काही लागलं नाही.”

“फोनवर नाही बोललीस.”

“तुम्ही घाबराल म्हणून...”

त्यांनी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. “पुढच्या वेळी पडलीस तर फोनवर सांगायचं,” त्या म्हणाल्या. “मला कळू दे.”

आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.